प्रश्न विचारणाऱ्याची खुर्ची

लोकशाही म्हणजे मतदान, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घ्यायची आणि नंतर घरी बसून ऐकायचे. कोण बोलणार, कशावर बोलणार, किती वेळ बोलणार, हे वरचे लोक ठरवणार. आपण श्रोते. पण श्रोता म्हणजे नेमका कोण? ज्याने फक्त कान द्यायचे तो? की भर सभेत उभे राहून "साहेब, हे तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?" असे ज्याला विचारता येते तो? लोकशाही आणि हुजरेगिरी यांच्यातला फरक या एका प्रश्नात आहे.

हा फरक समजून घ्यायला रेडिओचा इतिहास फार उपयोगी पडतो. रेडिओने बोलणाऱ्याचा आवाज लाखो घरांत नेला, पण ऐकणाऱ्याचा आवाज परत नेण्याची सोय त्यात नव्हती. ती सोय करायची की नाही, हा तंत्राचा नाही, राजकारणाचा निर्णय होता.

एकच यंत्र, दोन वाटा

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी गोबेल्सच्या प्रचारखात्याने स्वस्तातला 'लोकांचा रेडिओ' बाजारात आणला. किंमत ७६ मार्क. मॉडेलला नाव दिले व्हीई ३०१, कारण हिटलर ३० जानेवारीला चॅन्सेलर झाला होता. नाव लोकांचे, आवाज एकाच माणसाचा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि परदेशी केंद्र ऐकणे हाच गुन्हा ठरला.

त्याच १९३३ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवरून थेट जनतेशी बोलू लागले. पुढे रेडिओवरून ज्यूद्वेष पसरवणारा फादर कॉफलिन नावाचा पाद्रीही तेव्हा रेडिओवरूनच बोलत होता. दोघांनाही कोट्यवधी श्रोते होते आणि श्रोत्यांना तोंड नव्हते. न्यूयॉर्कच्या टाउन हॉल या संस्थेत काम करणाऱ्या जॉर्ज डेनी यांना समजले की एक गृहस्थ रूझवेल्टचा इतका तिरस्कार करतात की त्यांचे भाषण रेडिओवर ऐकायलाही तयार नाहीत. डेनी यांना प्रश्न पडला : जो समाज समोरच्याचे ऐकूनच घेत नाही, तो स्वतःचे राज्य कसे चालवणार?

यातून ३० मे १९३५ रोजी 'अमेरिकाज टाउन मीटिंग ऑफ द एअर' हा कार्यक्रम सुरू झाला. पहिलाच विषय होता : अमेरिकेची वाट कोणती, फॅसिझम, साम्यवाद, समाजवाद की लोकशाही? कार्यक्रमाची सुरुवात जुन्या काळच्या दवंडीवाल्याच्या घंटेने आणि "आज रात्री गावसभा आहे" या पुकाऱ्याने होई. तासाभराच्या कार्यक्रमात परस्परविरोधी मतांचे वक्ते बोलत आणि मग सभागृहातले लोक प्रश्न विचारत. प्रसारण थेट असे. हशा, टाळ्या, कुणी मधेच हाणलेला टोला, हे सगळे जसेच्या तसे घरोघरी ऐकू जाई.

त्या सभागृहात बसलेल्या सामान्य माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तो लवकर येऊन जागा धरतो. प्रसारण सुरू होण्याआधीच सभागृहात चर्चा रंगलेली असते, म्हणजे लोकांची जीभ मोकळी होते. मग मोठमोठे पुढारी, प्राध्यापक, संपादक बोलतात. त्यानंतर मायक्रोफोन याच्याकडे येतो. हा कुणी कारकून असेल, शिक्षिका असेल, कामगार असेल. पण त्या अर्ध्या मिनिटात मंत्र्याला त्याचे ऐकावे लागते, त्याला उत्तर द्यावे लागते, आणि मंत्री उत्तर टाळतोय हे देशभर ऐकू जाते. उत्तर टाळणे हेसुद्धा उत्तरच असते, आणि थेट प्रसारणात ते कापून टाकता येत नाही. श्रोत्याचे सगळे बळ यात आहे.

देशभर शेकडो ठिकाणी लोक गट करून हा कार्यक्रम ऐकत आणि तो संपल्यावर तोच विषय पुढे चर्चेला घेत. कार्यक्रमाची छापील पुस्तिका दहा सेंटला मिळे. काही वर्षे ती कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले ते हेच विद्यापीठ. तिथे जॉन ड्युई यांच्याकडून त्यांनी घेतलेला विचार असा की, लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती एकमेकांसोबत जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हाच विचार पुढे येतो. समाजाच्या एका थरातली गोष्ट दुसऱ्या थरापर्यंत पोचण्याच्या वाटा खुल्या नसतील तर तो समाजच नव्हे.

खुर्च्या सारख्या, माणसे?

न्यूयॉर्कचा हा टाउन हॉल १९२१ साली उघडला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या महिलांच्या संस्थेने तो बांधून घेतला होता. धनिकांसाठी वेगळे कक्ष ठेवायचे नाहीत आणि कोणत्याही खुर्चीवरून व्यासपीठ नीट दिसले पाहिजे, ही त्यामागची कल्पना होती. समता अशी वीटकामात उतरवली होती. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संततिनियमनावर बोलायला उभ्या राहिलेल्या मार्गारेट सँगर यांना पोलिसांनी त्याच व्यासपीठावरून उचलून नेले. सभागृह समतेचे असले म्हणून बोलणे मोकळे असतेच असे नाही.

आणि कृष्णवर्णीयांचे काय? १९३५ साली अमेरिकेच्या दक्षिणेत जिम क्रो कायद्यांचे राज्य होते. शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, पाण्याचे नळ वेगळे. मत द्यायला गेलेल्याला हाकलून दिले जाई. महाडच्या तळ्याचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. 'गावसभा' म्हणवणाऱ्या त्या कार्यक्रमात वंशाचा प्रश्न सरळ समोर यायला बरीच वर्षे गेली.

मे १९४२ मध्ये हा कार्यक्रम वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातून प्रसारित झाला. अलेन लॉक, मॉर्डेकाय जॉन्सन, डॉक्सी विल्करसन आणि लिऑन रॅन्सम असे चारही वक्ते कृष्णवर्णीय विचारवंत होते. पण विषय काय दिला होता? जगात आध्यात्मिक एकतेला काही आधार आहे का? देश हिटलरशी लढत होता, कृष्णवर्णीय सैनिक वेगळ्या तुकड्यांत कोंबले जात होते, रेडक्रॉस रक्ताच्या बाटल्यासुद्धा काळ्या-गोऱ्या अशा वेगळ्या ठेवत होती, आणि चर्चेला विषय आध्यात्मिक एकता! आपल्याकडे नाही का, अत्याचार झालेल्या गावात 'सामाजिक समरसता' या विषयावर व्याख्यान ठेवतात? पण ते चौघे त्या विषयात अडकून पडले नाहीत. एकता कुणाची आणि कुणाच्या वर्चस्वाखाली, या प्रश्नाकडे त्यांनी चर्चा वळवली. विषय दुसऱ्याने ठरवला तरी प्रश्न आपला मांडता येतो, हा त्या रात्रीचा धडा आहे.

१७ फेब्रुवारी १९४४ रोजी अखेर विषयच वंशाचा ठेवण्यात आला. कवी लँग्स्टन ह्यूज आणि लेखक कॅरी मॅकविल्यम्स एका बाजूला; दक्षिणेतले गोरे स्तंभलेखक जॉन टेंपल ग्रेव्ह्ज आणि कृष्णवर्णीय महाविद्यालयाचे प्रमुख जेम्स शेपर्ड दुसऱ्या बाजूला. ह्यूज यांची मागणी होती की समान हक्कांसाठी केंद्राने कायदा करावा. दुसऱ्या बाजूचा सूर होता : घाई नको, बाहेरून दडपण नको, माणसांची मने हळूहळू बदलू द्या.

हा सूर आपल्या ओळखीचा आहे. पुणे करारानंतर आपल्याला हेच सांगितले गेले : हक्क मागू नका, सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहा. बाबासाहेबांनी ते मानले नाही. दयेवर मिळालेली समता दया आटली की जाते. कायद्याने मिळालेल्या समतेसाठी निदान न्यायालयाची पायरी तरी चढता येते. आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. 'हळू चला' म्हणणाऱ्यांच्या बाजूला एक कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञही बसलेला होता. शोषितांमधूनच असा आवाज शोधून पुढे करायचा, हे तंत्र तिथेही होते, इथेही आहे. पण थेट चर्चेत त्या आवाजाला तिथल्या तिथे उत्तर मिळते. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, अमेरिका वंशप्रश्न सोडवते आहे का, या विषयावर लेखक रिचर्ड राइट यांनी याच कार्यक्रमात 'नाही'ची बाजू मांडली.

लाहोरचे बंद झालेले सभागृह

डेनी यांचा कार्यक्रम सुरू होऊन एक वर्षही झाले नव्हते, तेव्हा आपल्या देशात काय घडले? लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. भाषण छापून तयार झाले. मंडळींनी ते वाचले आणि काही भाग गाळा, बदला असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. अधिवेशन रद्द झाले.

जात तोडायला निघालेल्यांनाच जातीवरचे भाषण पेलले नाही! पण या घटनेकडे श्रोत्याच्या बाजूने कुणी पाहत नाही. लाहोरला त्या दिवशी येऊ शकले असते अशा माणसांचे काय? भाषण ऐकून त्यांनी काही विचारले असते, वाद घातला असता, कदाचित कुणाचे मतही बदलले असते. संयोजकांनी वक्त्याचे तोंड बंद केले असे आपण म्हणतो. खरे तर त्यांनी हजारो श्रोत्यांचा प्रश्न विचारण्याचा हक्कही काढून घेतला. ज्याच्या हातात सभागृहाची किल्ली, त्याच्या हातात दोघांचेही तोंड.

बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली आणि बाबासाहेबांनी पुढच्या आवृत्तीत ती टीका आणि आपले उत्तर दोन्ही छापले. विरोधकाचे म्हणणे आपल्याच पुस्तकात छापून त्याला उत्तर देण्याला हिंमत लागते. सभागृह हिरावले गेले तेव्हा बाबासाहेबांनी कागदावर सभागृह उभे केले.

अमेरिकेला विचारणे सोपे होते

१९४९ मध्ये हा अमेरिकी कार्यक्रम जगाच्या दौऱ्यावर निघाला आणि भारतातही आला. या मंडळात कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट होते आणि शिकागोच्या कृष्णवर्णीय वकील एडिथ सॅम्पसन होत्या. शीतयुद्धाचा काळ. तुमच्या देशात काळ्यांना काय वागणूक मिळते, हा प्रश्न अमेरिकेला जगभर ऐकावा लागत होता. भारतातल्या एका सभेत सॅम्पसन यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता : दुसऱ्या कोणत्याही देशाची नागरिक होण्यापेक्षा मी अमेरिकेतली निग्रो राहणे पसंत करीन. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेवरील अमेरिकी शिष्टमंडळात पर्यायी प्रतिनिधी म्हणून नेमले.

सॅम्पसन यांचे उत्तर मला पटत नाही. अन्याय करणाऱ्या देशाची वकिली अन्याय सोसणाऱ्याकडून करून घेणे, ही सत्तेची जुनी चाल आहे. पण आपण जरा प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीकडेही पाहू. अमेरिकेला तिच्या वर्णद्वेषाबद्दल विचारणे १९४९ च्या भारतात सोपे होते. तो प्रश्न विचारणारा देशभक्त ठरत होता. पण तोच माणूस आपल्या गावच्या विहिरीबद्दल, मंदिराबद्दल, वेठबिगारीबद्दल असाच उभा राहून विचारू लागला असता तर? जेम्स बाल्डविन वाचणारे, मार्टिन ल्यूथर किंगचे फोटो लावणारे आणि घराच्या कामवालीचा कप वेगळा ठेवणारे लोक आजही आपल्या आजूबाजूला आहेत. दूरच्या अन्यायावरचा प्रश्न फुकट असतो. जवळच्या अन्यायावरच्या प्रश्नाची किंमत मोजावी लागते.

बाबासाहेबांनी हा संबंध दांभिकपणे जोडला नाही. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, कारण अस्पृश्यांसाठी तसेच काही करता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. दुसऱ्याच्या लढ्यातून त्यांनी आपल्या लढ्यासाठी हत्यार शोधले, आपल्या पापावर घालायला पांघरूण नव्हे. आणि १९४९ च्या नोव्हेंबरमध्ये संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत. त्याच भाषणात त्यांनी आठवण करून दिली की भिक्षुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सभेचे नियम माहीत होते. चर्चेचे राज्य ही आपल्याला परकी गोष्ट नव्हती. ती आपल्याकडून हिरावली गेलेली गोष्ट होती.

आपल्या रेडिओत ती खुर्चीच नव्हती

स्वतंत्र भारताने रेडिओ घेतला तो इंग्रजांकडून, आणि इंग्रजी सरकारी सवयीसह घेतला. ब्रिटनमध्येही बीबीसीवर एक विचित्र नियम होता : संसदेत पुढच्या चौदा दिवसांत चर्चेला येणाऱ्या विषयावर रेडिओवर बोलायचे नाही. १९५६ पर्यंत तो चालला. तरीही १९४८ मध्ये बीबीसीने 'एनी क्वेश्चन्स?' सुरू केला, ज्यात गावोगावच्या सभागृहांतले लोक पुढाऱ्यांना प्रश्न विचारतात. तो आजही चालू आहे.

आकाशवाणीने ही सवय घेतली नाही. बाबासाहेब ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी सांगितले. ज्या माणसाने आयुष्यभर उलटतपासणीला तोंड दिले आणि जगातल्या मोठ्या माणसांची उलटतपासणी घेतली, त्याच्यासमोर प्रश्न विचारणारी एकही खुर्ची नव्हती.

लोकसभा निवडणुकीत राजकीय पक्षांना आकाशवाणीवर बोलायला पहिल्यांदा वेळ मिळाला तो १९७७ मध्ये. म्हणजे पहिल्या पाच सार्वत्रिक निवडणुका विरोधी पक्षांना रेडिओविना लढवाव्या लागल्या. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा याच रेडिओवरून झाली आणि ऐकणाऱ्याला "का?" असे विचारण्याची सोय नव्हती. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तरी खासगी एफएमवर गाणी चालतात, जाहिराती चालतात, थट्टामस्करी चालते. स्वतःच्या बातम्या द्यायला मात्र परवानगी नाही. ३ ऑक्टोबर २०१४ ला, बाबासाहेबांच्या त्या भाषणाला बरोबर साठ वर्षे झाली त्या दिवशी, पंतप्रधानांचा 'मन की बात' सुरू झाला. मन त्यांचे, बात त्यांची, आणि आपले काम ऐकण्याचे.

कुणी म्हणेल, आता टीव्हीवर रोज चर्चा असतात की! असतात. पण तिथे श्रोत्याला टाळ्या वाजवायला बसवलेले असते आणि प्रश्न निवेदकच विचारतो. आरडाओरडा म्हणजे वादविवाद नव्हे. वादविवादात समोरच्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे लागते.

आता आपल्याच सभेत पाहू

सरकारला, माध्यमांना दोष देऊन लेख इथेच संपवला तर तो अर्धाच राहील.

आपल्याकडे परिसंवाद होतात. शेवटी संयोजक म्हणतात, "प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, नाव-गाव लिहा." चिठ्ठीवरचे आडनाव वाचून कोणती चिठ्ठी वर ठेवायची आणि कोणती खिशात घालायची ते ठरते. हे प्रस्थापितांच्या व्यासपीठावर होते, हे आपल्याला माहीत आहे. पण आपल्या जयंतीच्या व्याख्यानात काय होते? वक्ता उशिरा येतो, दीड तास बोलतो आणि "वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द" होतात. एखाद्या तरुणाने नेत्याला विचारले, "साहेब, गेल्या निवडणुकीत तुम्ही त्यांच्याशी युती का केली?" तर चार कार्यकर्ते त्याला खाली बसवतात. मागच्या रांगेत बसलेल्या आयाबहिणींपर्यंत तर माइक पोचतच नाही. विहारात वंदना त्यांनी म्हणायची आणि चर्चा पुरुषांनी करायची. बुद्धाने कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. त्या बुद्धाच्या विहारात प्रश्न विचारणारा उद्धट ठरत असेल तर आपण धम्म घेतला की फक्त मूर्ती घेतली?

अमेरिकेच्या त्या कार्यक्रमाने वंशद्वेष संपवला नाही. १९५६ मध्ये तो बंद पडला तेव्हा मॉन्टगोमेरीचे कृष्णवर्णीय लोक बसवर बहिष्कार टाकून पायी चालत होते. हक्क मिळाले ते रस्त्यावरच्या लढ्यातून आणि कायद्यातून. चर्चेने लढ्याची जागा घेता येत नाही. पण ज्या माणसाने एकदा भर सभेत मोठ्या माणसाला प्रश्न विचारला, तो पुन्हा पहिल्यासारखा वाकत नाही. चवदार तळ्यावरच्या ओंजळभर पाण्याने जे केले, ते काम असा एखादा प्रश्नही करू शकतो.

म्हणून मागणी दोन ठिकाणी केली पाहिजे. सरकारकडे मागणी : ध्वनिलहरी जनतेच्या असतील तर निवडणुकीच्या काळात प्रत्येक जिल्ह्याच्या आकाशवाणी केंद्रावर उमेदवारांची थेट चर्चा ठेवा, आणि सभागृहातल्या लोकांना आधी चिठ्ठ्या न तपासता प्रश्न विचारू द्या. आणि मागणी स्वतःकडे : येत्या १४ एप्रिलला प्रत्येक व्याख्यानाचा अर्धा वेळ प्रश्नांसाठी ठेवा. पहिला माइक मागच्या रांगेत द्या. आडनाव विचारू नका. प्रश्न आपल्याच नेत्याला झोंबला तरी विचारणाऱ्याला खाली बसवू नका.

व्यासपीठावर किती खुर्च्या आपल्या आहेत, हे आपण नेहमी मोजतो. ते मोजलेच पाहिजे. पण समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला उभे राहून बोलता येते का, हे मोजायला आपण विसरतो. आणि आपल्यातले बहुतेक जण आयुष्यभर त्याच खुर्चीवर बसलेले असतात.

जय भीम!